परवा मिरजेला ॲडमिट व्हायचंय, आत नक्की काय असतं?

अबोली_सातारा | १७ जून, रात्री ११:४०

नमस्कार. कुठून सुरुवात करू कळत नाहीये म्हणून सरळच लिहिते. मी साताऱ्याची, शाहूपुरीत घर, वय ३६, पाचवी ते सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, म्हणजे घ्यायचे. फेब्रुवारीत बाबा गेले आणि तेव्हापासून झोप उडाली ती उडालीच. आधी वाटलं दुःख आहे, जाईल हळूहळू. मग एक दिवस भाजीला फोडणी टाकताना आधी काय घालायचं तेच आठवेना, मोहरी हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे, तेल जळून धूर झाला तेव्हा सासूबाई धावत आल्या. आता तीन आठवडे रोज दोन तास झोप, घास गिळत नाही, नऊ किलो वजन उतरलंय आणि आपण नसतो तर या सगळ्यांचं बरं झालं असतं असं सारखं मनात येतं. हे नवऱ्याला सांगितलंय आणि डॉक्टरांनाही. डॉक्टर म्हणाले सिव्हिअर डिप्रेशन आहे, मिरजेला मानसोपचार वॉर्डात ॲडमिट व्हा, तीन आठवडे तरी धरून चाला, आणि गोळ्यांनी लवकर उतार पडला नाही तर शॉक द्यावे लागतील.

मी हो म्हणाले. पण हो म्हटल्यापासून हातपाय गार पडलेत. आत नक्की काय असतं हो? दार बाहेरून लावतात का? बाकीचे पेशंट कसे असतात? मुलगी आठ वर्षांची आहे तिला काय सांगू? बॅगेत काय भरायचं हे सुद्धा कळत नाहीये. बाळंतपणाला दवाखान्यात जाताना सासूबाईंनी यादी करून दिली होती, ही यादी कुणाकडे मागू? जे कुणी राहून आलेत त्यांनी खरं खरं सांगा. गोड बोलू नका प्लीज.

कृष्णाकाठचा | १८ जून, पहाटे ५:१०

ताई, मी सांगलीचा, सहकारी बँकेत आहे. दोन वर्षांपूर्वी २६ दिवस राहून आलोय, आजार तुमचाच. म्हणून खरं खरं लिहितो, लांबेल पण वाचा.

दार लावतात. वॉर्डचं मोठं दार कुलूपबंद असतं, किल्ली सिस्टर नाहीतर मामांकडे, म्हणजे वॉर्डबॉयकडे. पहिल्या दिवशी त्या कुलपाचा आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं संपलं सगळं. बाथरूमला आतून कडी नसते, खिडक्यांना जाळी असते, आरसा काचेचा नसतो, रात्री दर थोड्या वेळाने कुणीतरी बॅटरी घेऊन डोकावून जातं. हे आधीच सांगतोय कारण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी ते सगळं माझ्यावर विश्वास नाही म्हणून करतात असं धरून बसलो, चार दिवस कुणाशी बोललो नाही. पाचव्या दिवशी रात्रीच्या मामांनीच सांगितलं, साहेब ही बॅटरी सगळ्यांच्याच तोंडावर मारतो, श्वास चालू आहे का बघायचं असतं. त्या दिवसापासून बॅटरीचा राग गेला.

दिवस कसा असतो तर सहाला चहा, मग बीपी, अंघोळ, आठला पोहे नाहीतर उप्पीट, मग गोळ्या. गोळी घेतली की तोंड उघडून दाखवायला लावतात, याचंही वाईट वाटून घेऊ नका. दहाच्या आसपास राउंड, साडेबाराला जेवण, चारला चहा, पाच ते सहा भेटायची वेळ, साडेसातला जेवण, नऊला गोळ्या आणि लाईट बंद. सगळ्यात अवघड वेळ म्हणजे दुपारी एक ते चार आणि भेटणारी माणसं निघून गेल्यावरचा अर्धा तास. बाकी वेळ कसातरी सरतो.

मला कशाने तरलं ते सांगतो. एक साधी चाळीस पानी वही नेली होती. रोज सकाळी उठल्या उठल्या त्यात वार आणि तारीख लिहायचो, बस. गोळ्यांच्या गुंगीत आज मंगळवार का गुरुवार ते कळत नाही आणि ते कळत नाही म्हणून भीती वाढते. खाली डॉक्टरांना विचारायचं ते लिहून ठेवायचो कारण राउंड तीन मिनिटांचा असतो आणि समोर डॉक्टर आले की सगळं विसरायला होतं. आणि एक सवय लावून घेतली, सिस्टरना विचारायचं की आता पुढच्या तासात काय आहे. तीन आठवड्यांचा विचार केला की छातीवर दगड यायचा, पुढचा तास मात्र झेपायचा. पुढच्या तासात रक्त काढणार आहेत, बरं. पुढच्या तासात काहीच नाही, तर मग व्हरांड्यात फेऱ्या. आमचा व्हरांडा ४२ पावलांचा होता.

बाकीचे पेशंट तुमच्या माझ्यासारखे असतात. कुणी गप्प, कुणी अखंड बोलणारा, कुणी रात्री ओरडतो. ओरडणारा माणूस तुमच्यावर ओरडत नसतो. मैत्री करा पण घरचा पत्ता, पैसे, फोन नंबर यांच्या देवघेवीत पडू नका, निदान आत असेपर्यंत तरी.

शॉकचं वेगळं लिहितो, आता ऑफिसची तयारी.

मिरजेच्या_सिस्टर | १८ जून, सकाळी ८:३०

अबोली बाळा, मी मानसोपचार वॉर्डात एकोणीस वर्षं काढली, आता घरी असते. यादी मी देते, लिहून घे.

सलवार आणि पायजमे इलॅस्टिकचे घे, नाडीचे नको. ओढणी बहुतेक ठिकाणी काढून ठेवायला लावतात म्हणून ओढणीशिवाय चालतील असे सैल कुर्ते घे, नाहीतर गाऊन. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं सगळं घरी काढून ये, दारात काढायला लावलं की बायका तिथंच रडायला लागतात हे मी शंभरदा बघितलंय, घरी देवापुढं काढून ठेवलेलं बरं असतं. लेसचे बूट नको, साध्या चपला. काचेची बाटली, डबा, आरसा नको. चार्जरची वायर आत ठेवू देत नाहीत. आता चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं आण, म्हणजे नावं चुकत नाहीत. थायरॉईड, शुगर काही असेल तर जुने रिपोर्ट. आधार कार्ड आणि विम्याचं कार्ड. घरची चादर किंवा सोलापुरी पांघरूण एक असू दे, घरचा वास येतो त्याला. बडीशेप आण, गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. फोनचा नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो तो आजच फोन करून विचारून घे.

आणि एक फार महत्त्वाचं. गोळ्या सुरू झाल्यावर मान आखडली, जबडा वाकडा झाल्यासारखं वाटलं, किंवा पायात अशी तळमळ सुटली की एका जागी बसवत नाही, तर ते आजार वाढला म्हणून नसतं, ते काही गोळ्यांमुळे होतं आणि त्यावर औषध असतं. राउंडची वाट बघायची नाही, लगेच सिस्टरला उठवून सांगायचं. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

सरळमार्ग | १८ जून, सकाळी ९:०५

ताई राग मानू नका पण या गोळ्यांची एकदा सवय लागली की आयुष्यभर सुटत नाहीत. वडील गेले की कुणालाही असं होतं. पहाटे उठून प्राणायाम करा, चार दिवस माहेरी जाऊन या, गावाला मोकळ्या हवेत राहा. ॲडमिट झालं की शिक्का बसतो तो पुसत नाही.

मिरजेच्या_सिस्टर | १८ जून, सकाळी ९:२०

तिला दोन तास झोप आहे, नऊ किलो वजन उतरलंय आणि मरणाचे विचार आहेत. तिला पहाटे उठायला काय सांगताय, ती झोपतच नाही. डिप्रेशनच्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, फक्त स्वतःच्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात. प्राणायाम वाईट नाही, पण तो करण्याइतकं माणूस आधी उभं राहू दे. कृपा करून कुणी ॲडमिट व्हायला निघालं असेल तर त्याची वाट अडवू नका.

माणदेशी | १८ जून, दुपारी १:१५

ताई मी म्हसवडकडचा. शेती हाय. लिवायची सवय न्हाय, पोरगी टाईप करून देतीया. माझ्या थोरल्या पोराला एकविसाव्या वर्षी लागलं. रात रात बोलायचा भिताडासंग, कोण तरी जेवणात औषध घालतंय म्हणायचा. आमी काय केलं तर देवऋषी. एक झाला, दुसरा झाला, तिसऱ्यानं पोराला मारलं ओ, म्हणं अंगातलं भूत बाहेर काढतो. माझ्या डोळ्यादेखत मारलं आन मी हात जोडून हुबा. दोन वरसं त्यात घालवली, दोन एकर गेलं.

मग गावात अनिसची, म्हंजी अंधश्रद्धा निर्मूलन समितीची पोरं आली हुती कार्यक्रमाला, त्यातल्या एकानं मला बाजूला घेतलं आन सांगितलं की भूत काढायच्या नावाखाली असं मारणं गुन्हा हाय, २०१३ ला कायदा झालाय त्याचा, आन पोराला पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयात घेऊन जा. त्या समितीचं दाभोलकर आपल्याच साताऱ्याचं. त्या कायद्यापायी झिजलं आन कायदा हुयाच्या आधी त्यास्नी मारलं, ही गोष्ट मी पोराला मारणाऱ्या माणसापुढं हात जोडून हुबा राहिलेलो म्हणून मला लई लागती.

येरवड्याला पोरगं दोन महिने हुतं. स्किझोफ्रेनिया म्हंत्यात त्याला. पयल्या आठवड्यात मला बघून तोंड फिरवायचा. मी रोज दिसलो पायजे म्हणून पुण्यात पाव्हण्याकडं राह्यलो. बोलायचा न्हाय, मी बी बोलायचो न्हाय, बाकड्यावर बसायचो निस्ता शेजारी. सोळाव्या दिवशी म्हणला आबा बैल कसं हायत. आज तो माझ्यासंग रानात काम करतो, गोळी रोज घेतो. तुमी जावा ताई. दोन वरसं वाया घालवू नका आमच्यासारखी.

कराडची_वकील | १८ जून, दुपारी ४:००

अबोली, कायद्याचं थोडक्यात सांगते कारण दार कुलूपबंद असतं म्हटल्यावर माणूस घाबरतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू आहे. तू स्वतःच्या सहीने दाखल होतेस म्हणजे कलम ८६. अशा वेळी तू स्वतः डिस्चार्ज मागितलास तर द्यावा लागतो, फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तर तपासणीसाठी २४ तास थांबवू शकतात. पेशंट स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसतो तेव्हा कलम ८९ लागतं, ते ३० दिवसांपर्यंत, आणि त्यासाठी दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं ज्यात एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. तुला कोण तुझ्या वतीने बोलायला हवंय ते तू साध्या कागदावर लिहून सही करून देऊ शकतेस, त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात, नवराच असला पाहिजे असं नाही. आज रात्री लिही.

साखळीने बांधणं बंद आहे. जबरदस्तीने केस कापणं बंद आहे. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. भूल न देता शॉक देणं बंद आहे. आणि विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरलं पाहिजे, हे कलम २१ मध्ये आहे. क्लेम नाकारला तर लेखी कारण माग, तोंडी ऐकून परत येऊ नकोस.

कृष्णाकाठचा | १८ जून, रात्री ९:४५

हां, शॉक. मला सहा झाले. आठवड्यातून दोन. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात कारण भूल द्यायची असते, पाणी सुद्धा नाही, सकाळी स्ट्रेचरवर नेतात, हाताला सुई, भूल देणारे डॉक्टर काहीतरी विचारत असतात आणि उत्तर देता देता माणूस झोपतो. पुढचं मला काहीही माहीत नाही. जागा झालो की डोकं जड, जबडा दुखायचा, दुपारी वरणभात खाल्ला की बरं. सिनेमात माणूस ताठ होऊन किंचाळतो ना, तसलं काही नाही कारण स्नायू सैल पडायचं औषध पण देतात.

त्रास विसरण्याचा झाला. मॅनेजरचं नाव आठवेना, एटीएमचा पिन गेला, ॲडमिट व्हायच्या आधीच्या पंधरा दिवसातलं बरंचसं पुसट झालं. नावं दीड-दोन महिन्यात परत आली, ते पंधरा दिवस काही पुरते आले नाहीत. हे मी लपवत नाही. पण तिसऱ्या शॉकनंतर मला पहिल्यांदा भूक लागली. बायकोने भडंग आणलं होतं आणि मी विचारलं की यात कांदा का नाही. ती बाहेर जाऊन रडली म्हणे.

बँकेचा पिन, गॅसचा नंबर, मुलीच्या शाळेचं असं जे फक्त तुमच्याच डोक्यात आहे ते आज कागदावर उतरवून नवऱ्याला देऊन ठेवा.

सोनचाफा | १८ जून, रात्री १०:३०

मी वाईची. माझं बाळंतपणानंतर झालं होतं, चौथ्या दिवशी. बाळ बदललंय असं पक्कं वाटायला लागलं, झोप लागेना, मी सारखी बाळाचे पाय बघायची की हे तेच आहेत का. पोस्टपार्टम सायकोसिस. हजारात एक-दोन बायकांना होतं म्हणे आणि तातडीने ॲडमिट करायचं असतं, पण आमच्याकडे आधी दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला, बाहेरची बाधा म्हणून झालं. नशीब माझ्या मावसभावाला कळलं. कायद्यात असं आहे की तीन वर्षांखालचं बाळ आईपासून शक्यतो तोडायचं नाही, त्यामुळे माझी आई बाळाला घेऊन दिवसा माझ्याजवळ राहायची, रात्री मात्र बाळ तिच्याकडे. दूध तोडावं लागलं, गोळ्यांमुळे आणि झोपेमुळे. त्याचं मला सगळ्यात जास्त लागलं, आजारापेक्षा जास्त. आज लेक शाळेत जाते.

अबोलीताई तुमच्या मुलीला खोटं सांगू नका. आई गावाला गेली म्हणून सांगाल आणि ती आजीला कुजबुजताना ऐकेल. माझ्या भाचीला आम्ही असं सांगितलं होतं की मावशीच्या डोक्याला थकवा आलाय, झोपेचं यंत्र बिघडलंय, डॉक्टर दुरुस्त करतायत, तुझ्यामुळे झालेलं नाही. तिने फक्त एवढंच विचारलं की इंजेक्शन देतात का.

अबोली_सातारा | १८ जून, रात्री ११:५५

सगळं वाचलं. दोनदा वाचलं कारण एकदा वाचून डोक्यात राहत नाही. वही घेतली. कागद लिहिला, प्रतिनिधी म्हणून धाकट्या बहिणीचं नाव टाकलं, नवऱ्याला विचारून. मुलीला सांगितलं. तिने विचारलं की किती रात्री. मी म्हटलं एकवीस. तिने कॅलेंडरवर पेन्सिलने गोल केलेत.

सिस्टर, मंगळसूत्र देवापुढं काढलं. बाबांच्या फोटोशेजारी.

अबोली_सातारा | २२ जून, रात्री १०:२०

मी अबोलीचा नवरा. फोन माझ्याकडे आहे, पहिला आठवडा आत देत नाहीत. तिने सांगितलं होतं की या लोकांना कळव म्हणून लिहितोय. मला असं लिहायची सवय नाही.

१९ ला नेलं. दारात ती माझ्याकडे बघून म्हणाली की डब्यातलं लोणचं संपवा नाहीतर बुरशी येईल. आणि आत गेली. मी खाली रस्त्यावर चहाच्या गाड्यावर दोन तास बसून राहिलो, जाता येईना. काल आणि आज भेटलो तर ती बोलत नाही, एक तास नुसती खिडकीकडे बघते. काल मी खूप बोललो, सगळं चांगलं होईल, पिंट्याचं लग्न ठरलं, पाऊस चांगला आहे, असलं सगळं. परत येताना वाटलं की हे सगळं मी स्वतःशीच बोलत होतो. आईला लोक विचारतात सून कुठं आहे. आई म्हणते माहेरी. मला नक्की काय करायला पाहिजे हे कुणी सांगेल का?

माणदेशी | २२ जून, रात्री १०:५०

दादा निस्तं बसा. मी लिवलंय वर. बोलायचं न्हाय, जायचं मातर रोज.

मिरजेच्या_सिस्टर | २३ जून, सकाळी ७:४५

गोळ्यांचा खरा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. आधी झोप सुधारते, मग भूक, मन सगळ्यात शेवटी हलकं होतं. म्हणजे चौथ्या दिवशी ती हसावी अशी अपेक्षा ठेवून जाऊ नकोस, तिलाही ते ओझं होतं. जाताना घरचं काहीतरी ने, थोडंसंच. तिच्या केसांना तेल लावून विंचरून दिलंस तरी चालेल, आमच्या वॉर्डात एक रिक्षावाले दादा रोज येऊन बायकोची वेणी घालायचे, पहिल्या दिवशी सगळ्या बायका बघत होत्या, आठव्या दिवशी दोघी तिघी त्यांच्याकडे कंगवा घेऊन आल्या.

लोकांना काय सांगायचं तर मिरजेला दवाखान्यात आहे, झोपेचा आणि अशक्तपणाचा त्रास आहे. यात खोटं काहीच नाही. माहेरी म्हणू नका, परत आल्यावर तिलाच निस्तरावं लागतं.

आणि तू जेवतोस का? झोपतोस का? रात्री अगदीच सुचेनासं झालं तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानस आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. तो फक्त पेशंटसाठी नसतो, घरच्यांसाठी पण असतो.

कृष्णाकाठचा | २३ जून, रात्री ८:३०

दादा मी सांगलीतच आहे, विश्रामबागहून मिरज किती लांब. भेटीच्या वेळेनंतर त्या चहाच्या गाड्यावर एकटे बसू नका, मला मेसेज करा, मी येतो.

अबोली_सातारा | ८ जुलै, संध्याकाळी ५:२५

मीच आहे. अर्धा तास फोन मिळतो आता. बोटं जड आहेत, चुका होतील.

आज विसावा दिवस. वहीत लिहिलंय म्हणून माहीत आहे. शॉक चार झाले, कृष्णाकाठचे दादा म्हणाले तसंच आहे, फक्त मला जबड्यापेक्षा डोकं जास्त दुखतं. पहिले आठ दिवस मला आठवतच नाहीत फारसे, नवरा म्हणतो की मी बोलत नव्हते पण तो तेल लावायचा ते मला आठवतं, नक्की कुठल्या दिवशी ते नाही पण हात आठवतात. सातव्या दिवशी की आठव्या, पायात ती तळमळ सुटली. रात्रीचे दोन वाजले होते. मी आधी गादीवरच गप्प पडून राहिले की कशाला झोपलेल्या माणसाला उठवायचं, आणि मग सिस्टर तुमचं वाक्य आठवलं. उठवलं. गोळी दिली. तासाभरात पाय शांत झाले. तुम्ही लिहिलं नसतं तर मी वेडी व्हायला लागले असंच समजले असते.

पुढचा तास हे मी रोज विचारते. इथल्या एक सिस्टर आता मी विचारायच्या आधीच सांगतात.

एक वाईट पण लिहिते. एकदा रात्री एका मामांनी मला वेडी म्हणून हाक मारली, नावाने नाही. सकाळी राउंडला मी डॉक्टरांना सांगितलं, वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून सांगता आलं. त्यांनी त्यांना माझ्यासमोर बोलावलं. नंतर ते मामा नीट वागले पण मला दोन दिवस त्यांची भीती वाटत होती. म्हणून सांगते, असं झालं तर सांगा, आपण पेशंट आहोत म्हणून गप्प बसू नका.

आषाढीला टीव्हीवर पंढरपूर लावलं होतं. साबुदाण्याची खिचडी होती. माझ्या शेजारच्या कॉटवर जतच्या एक काकू आहेत, मी आल्यापासून त्यांच्या तोंडातून शब्द ऐकला नव्हता, चमच्याने भरवावं लागायचं. त्यांनी ताटली पुढं केली आणि म्हणाल्या अजून थोडी द्या. वाढणाऱ्या मावशींच्या हातातलं पातेलंच थांबलं.

वेळ संपली. ठेवते.

सोनचाफा | ८ जुलै, संध्याकाळी ६:००

ताई... काही सुचत नाहीये लिहायला. वाचलं. खूप बरं वाटलं.

मिरजेच्या_सिस्टर | ९ जुलै, सकाळी ८:१०

शाब्बास गं. आता पुढचं ऐका, विशेषतः घरच्यांनी. डिस्चार्ज झाला की सगळे सुटलो म्हणून सैल पडतात, आणि डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडेच सगळ्यात नाजूक असतात. अंगात ताकद आधी येते, मनातलं मळभ नंतर जातं, त्या मधल्या दिवसात माणसाला एकटं ठेवायचं नसतं. गोळ्या घरच्यांनी स्वतःच्या ताब्यात ठेवून एका वेळेच्या एका वेळी द्यायच्या. फेरतपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्यायची, आठवड्याच्या आतली. पहिल्या दिवशी पाहुणे नकोत, सत्यनारायण नको, आली आली म्हणून पेढे वाटणं नको. आणि अबोली, परत ते विचार आले तर लपवायचं नाही, आले म्हणजे सगळं वाया गेलं असं नसतं, फक्त लगेच सांगायचं, नवऱ्याला नाहीतर डॉक्टरांना.

अबोली_सातारा | २७ जुलै, दुपारी ३:१५

घरी येऊन पंधरा दिवस झाले. १२ ला सोडलं, म्हणजे २३ रात्री. मुलीने कॅलेंडरवर दोन गोल जास्तीचे काढले होते आणि त्यांच्याभोवती लाल पेन फिरवला होता.

खरं सांगायचं तर आतलं राहणं मला जमलं पण बाहेर येणं अवघड गेलं, याची तयारी मी केलीच नव्हती. तिथे सगळं ठरलेलं असायचं, इथे सकाळी उठलं की अख्खा दिवस अंगावर येतो. मिक्सरचा आवाज सहन होत नव्हता. कुणीतरी बेल वाजवली की मी आतल्या खोलीत. वजन वाढतंय, रात्रीची जी गोळी आहे तिच्याने भूक फार लागते, डॉक्टरांना सांगितलंय, ते म्हणाले सहा आठवड्यांनी बघू, तोवर फुटाणे आणि ताक जवळ ठेवते. परवा शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं की माहेरी बरी रमलीस, आणि सासूबाई मागून म्हणाल्या माहेरी नव्हती, दवाखान्यात होती, डोक्याला फार थकवा आला होता. मला वाटलं नव्हतं त्या बोलतील. नंतर त्या काही म्हणाल्या नाहीत, मी पण नाही, दोघी मिळून मेथी निवडली.

मग मी वॉर्डातलंच वेळापत्रक फ्रीजवर चिकटवलं. सहाला चहा, आठला नाश्ता, गोळ्या. दहाच्या राउंडच्या जागी राजवाड्यापर्यंत चालत जाऊन गोलबागेला एक चक्कर, नवरा नाहीतर सासूबाई बरोबर असतात. दुपारी एक ते चार अजूनही अवघडच आहे. दोन मुलं शिकवणीला परत आली आहेत, मंगळवार आणि शुक्रवार, फक्त गणित. परवा सातवीतल्या एकाला लसावि समजावताना मधेच अडकले, पुढची पायरी आठवेना. शॉकमुळे का कशामुळे. त्यानेच सांगितली.

बाबांची आठवण येते. ती येणारच. पण आता आठवण येते तेव्हा बाबा येतात, आधी नुसता अंधार यायचा.

विम्याचा क्लेम आधी नाकारला होता फोनवर. वकीलताई, लेखी कारण मागितलं. आठ दिवसांनी पास झाल्याचं पत्र आलं.

कराडची_वकील | २७ जुलै, दुपारी ४:४०

ते पत्र जपून ठेव, पुढच्या वर्षी पॉलिसी रिन्यू करताना लागेल.

माणदेशी | २७ जुलै, रात्री ९:००

पोरगी वाचून दावत हुती. सासूबाईंचं ऐकून लई बरं वाटलं. पाऊस हाय का तिकडं? आमच्याकडं ढगच नुस्ती.

नवीन_सदस्य_तासगाव | ९ ऑगस्ट, रात्री १०:०५

सगळा धागा वाचला. माझ्या आईला उद्या सकाळी ॲडमिट करायचंय, वय ६१. ती फार घाबरलीय आणि सारखी एकच विचारते की चष्मा काढून घेतील का, चष्म्याशिवाय तिला काहीच दिसत नाही. कुणाला माहीत आहे का?

अबोली_सातारा | ९ ऑगस्ट, रात्री १०:१२

चष्मा राहू देतात. चष्म्याची साखळी किंवा दोरी असेल तर ती मात्र आज रात्रीच काढा. डबी प्लास्टिकची द्या आणि डबीवर आईंचं नाव लिहून वरून सेलोटेप लावा, माझी एकदा अदलाबदल झाली होती. रात्री झोपताना चष्मा उशीखाली नको, काड्या मोडतात, सिस्टरकडे ठेवायला द्या आणि सकाळी चहाच्या आधी मागून घ्यायला सांगा. जुना जास्तीचा चष्मा असेल तर तो तुमच्या गाडीत असू दे.

त्यांना वाचायला येत असेल तर उद्याचं सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, किती वाजता निघायचं, तिथे गेल्यावर आधी काय, मग काय. आणि संध्याकाळी तुम्ही किती वाजता येणार ते. तीच वेळ पाळा. अजून काही विचारायचं असेल तर विचारा, मी अकरापर्यंत जागी आहे.